घारीबद्दलचा खोटा जबाब

प्रिय टिटवे,

मंगळवार, सोळा सप्टेंबर, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण शिक्का मारणाऱ्या कारकुनाने तारखेखाली ती लिहिली आहे, आणि परवा त्याने तो कागद स्वतःच्या बाजूने टेबलावर ठेवला असताना मी तो उलटा वाचला. छापखान्यात छत्तीस वर्षं काढलेल्या बाईपुढे कागद उलटा ठेवून काही लपत नाही. ‘घारीचं पिल्लू वाढवत असताना मी नियम मोडून त्याच्यासमोर नेहमी बोलत असे. ह्यात दुसऱ्या कोणाचाही हात नाही.’ खाली तुझी सही, नेहमीसारखी शेपूट ओढलेली. टिटवे, हे धडधडीत खोटं आहे. तू आजवर पिल्लांसमोर साधी शिंकलीसुद्धा नाहीस. शिंक आली की नाक धरून अंगणात पळतेस. आणि आता चौकशी समितीपुढे स्वतःला बडबडी ठरवून मोकळी झालीस, मला एका शब्दाने न विचारता.

ह्याचा परिणाम काय ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. नियम मोडणाऱ्याचं नाव पक्षी सांभाळायच्या परवान्यावरून कायमचं निघतं. पुन्हा आयुष्यात जखमी चिमणीलाही हात लावायचा नाही. शुक्रवारी, सव्वीस तारखेला, समिती त्यावर शेवटची सही करणार आणि तोवर आपल्याच घराच्या तळमजल्यावरच्या खोलीत पाऊल टाकायला तुला बंदी. म्हणून तू पिशवी भरलीस आणि मैत्रिणीकडे राहायला गेलीस. फोन उचलत नाहीस. मी तिथे आले तर तुझी मैत्रीण दार अर्धवट उघडून म्हणाली, काकू, ती झोपली आहे. दुपारचे बारा वाजले होते आणि आत तुझा खोकला चालू होता. म्हणून हे पत्र. पत्राला दारात अडवता येत नाही.

आधी खोलीची खबर देते, म्हणजे निदान इथवर तरी वाचशील. एकतीस पक्षी होते, आज तीस आहेत. काचेवर आपटलेली पाकोळी काल सकाळी गेली. तिला तू चिमट्याने भरवायचीस तसं मला जमलं नाही. माझी बोटं थरथरतात. चिमटा दोनदा चोचीवर आपटला, तिसऱ्या वेळी तिने तोंड उघडणं सोडून दिलं, आणि मग मी तशीच चिमटा धरून उभी राहिले. लंगडा कावळा बरा आहे, भांडी उलटी करतो. घुबड माझ्याकडे पाठ करून बसतं. तुझ्या जागी समितीने नेमलेले डॉक्टर दिवसातून एकदा येतात, दहा मिनिटं थांबतात आणि ‘छान चाललंय’ म्हणून जातात. पाकोळी मेली त्यात छान काय, असं मी विचारलं तर म्हणाले, पाकोळ्या मरतातच. ह्या गृहस्थांकडे मी आपलं मांजरही नेलं नसतं. थोडक्यात, जिच्या हाताला कळतं ती बाहेर आणि जिची बोटं थरथरतात ती आत, अशी सध्याची व्यवस्था आहे.

तुझे बाबा गेल्यावर ती खोली तू मागितलीस तेव्हा मी दोन दिवस तुझ्याशी नीट बोलले नव्हते. त्यांचा पलंग गेला, तिथे पिंजरे आले. त्यांच्या औषधांच्या कपाटात तुझे कापसाचे बोळे. मग एका सकाळी तू माझ्या हातात एक थंडगार पारवा ठेवलास, म्हणालीस, धर, मला दोन्ही हात पाहिजेत, आणि तासाभराने तो माझ्या तळहातावर ऊबदार होऊन घाण करून बसला. तेव्हापासून माझी सकाळ तिथे सुरू होते. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुला ते माहीत होतं, हे मला आत्ता कळतं आहे.

नियम तू घातलेस. पिल्लू असेल तर पडद्याआडून भरवायचं, चेहरा दाखवायचा नाही, तोंडातून आवाज काढायचा नाही. पिल्लू ज्याच्या आवाजावर वाढतं त्यालाच ते आपलं मानतं, आणि माणसाला आपलं मानणारा पक्षी शहरात फार दिवस जगत नाही. मी नन्सच्या शाळेत शिकले. तिथे जेवताना बोलायला बंदी होती आणि ती मोडल्याबद्दल मी इतके तास भिंतीकडे तोंड करून उभी राहिले आहे की त्या भिंतीचे पोपडे मला अजून पाठ आहेत. तेव्हा गप्प बसण्याचे नियम मला नवे नव्हते. दर शनिवारी शाळेतून येणाऱ्या मुलांना तर ते मीच शिकवत असे. बारा पोरं चपला बाहेर काढून आत यायची. पडलेलं पिल्लू दिसलं तर आधी वर बघा, त्याची आई जवळच असेल. जखमी पक्ष्याच्या चोचीत पाणी ओतू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणून मी ओठांवर बोट ठेवायची. दारावरची पाटी त्यांतल्या त्या दोन वेण्यांच्या मुलीने लिहिली, नऊ वर्षांच्या. ‘इथे बोलू नये. पिल्लांना आपण आवडलो तर त्यांचं वाटोळं होतं.’ वाटोळं हा शब्द तिने माझ्याकडून उचलला. तू हसून हसून पिंजऱ्याला टेकली होतीस.

घार मेमध्ये आली. मैदानावरचा दिव्याचा खांब उतरवताना कामगारांना घरटं सापडलं आणि त्यांनी ते पिल्लू टोपीत घालून आणलं. पांढरट कापूस, त्यात दोन रागीट डोळे. तिच्यासाठी मी घारीच्या तोंडाचा हातमोजा शिवला, पिवळी चोच लावून. तू म्हणालीस, आई, ही कोंबडी झाली आहे. पण पिल्लाने काही तक्रार केली नाही. सकाळची पाळी माझी, संध्याकाळची तुझी. जूनमध्ये तिला पिसं फुटली, जुलैत ती मोठ्या पिंजऱ्यात या टोकाहून त्या टोकाला उडायला लागली, ऑगस्टमध्ये सोडलेला उंदीर तिने पहिल्या झडपेत धरला. तीस ऑगस्टला शाळेच्या गच्चीवरून तू तिला सोडलीस. मुलं ओळीत उभी, एकाच्याही तोंडून शब्द नाही. ती कठड्यावर बसली, मान वाकडी करून खाली बघितलं आणि गेली. तू रिकामं खोकं उगीचच तपासत बसलीस, कारण तुला रडायचं होतं. मी म्हणाले, चला, एक काम हातावेगळं झालं. मला नेहमी असलंच काहीतरी सुचतं.

नऊ दिवस ती स्वतः शिकार करून राहिली. तू रोज सायकलवरून जाऊन बघून यायचीस. बाजारातल्या माणसांकडे, मटणाच्या दुकानाबाहेर बसलेल्यांकडे तिने ढुंकून पाहिलं नाही. मग आठ तारखेचा सोमवार. चौथीच्या बाई मुलांना घेऊन मैदानाच्या कडेला झाडाखाली बसल्या होत्या. उकडत होतं म्हणून श्रुतलेखन बाहेर घेतलं. त्या सावकाश, एका सुरात सांगत होत्या आणि मुलं लिहीत होती. घार आधी डोक्यावर घिरट्या घालू लागली. मग कुंपणावर आली. मग बाईंच्या पुढ्यात, जमिनीवर. बाई किंचाळल्या आणि त्यांनी वही फिरवली, तशी ती उडून शेजारच्या डोक्यावर बसली. ते डोकं दोन वेण्यांचं होतं. ती पोर हलली नाही. ओरडली नाही. बाकीच्यांना म्हणाली, गप्प बसा, ती घाबरेल. आपण शिकवलं होतं ना. ती हलली असती तर घार लगेच उडाली असती. ती दगडासारखी बसली म्हणून घारीने तोल सांभाळायला पाय घट्ट रोवले. भुवईला तीन टाके. डोळा एका बोटाने वाचला.

तू त्या दुपारी आलीस आणि मला हे सगळं पुन्हा पुन्हा सांगत राहिलीस. म्हणालीस, मला कळत नाही आई, बाजारात शंभर माणसं आहेत, तिथे ती जात नाही, मग वर्गातच का? मी डाळ निवडत होते. मी म्हणाले, भूक लागली असेल. टिटवे, मला तेव्हाच कळलं होतं. तू ‘सावकाश, एका सुरात’ म्हणालीस त्याच क्षणी कळलं होतं. मी पुढचे सगळे खडे डाळीतच राहू दिले.

गुरुवारी मी त्या मुलीला बघायला गेले, हे तुला माहीत नाही. तिची आई माझ्याशी फार बोलली नाही आणि ते बरोबरच होतं. मुलगी गादीवर बसून रंगवत होती. कपाळावर पट्टी, एक डोळा सुजून बंद. तिने मला विचारलं, “आजी, माझं काय चुकलं? मी तर बोलले नव्हते.”  माझं तोंड बंद करायला एके काळी आख्खी शाळा कमी पडली होती. तिच्या आईने बिस्किटं ठेवली होती, ती मी खाल्ली. दोन. मग चप्पल घालून आले. त्या पोरीला अजून वाटतं आहे की तिचंच काहीतरी चुकलं.

चौदा तारखेला, रविवारी, तू घारीला पकडून आणलीस. तुझ्या मनगटावर ओरखडे, केसांत पालापाचोळा. खोकं तू खोलीच्या मधोमध ठेवून झाकण उघडलंस. ती तुझ्याकडे बघून फुत्कारली, पंख फुगवले, जशी कोणतीही रानटी घार करेल. तुझा चेहरा एकदम उजळला. तू माझ्याकडे वळून कुजबुजलीस, बघ, ती अजून शहाणी आहे. आणि मी, मूर्ख बाई, म्हणाले, “आलीस का गं?”

पुढचं तू पाहिलंस. पाच महिन्यांची, पूर्ण वाढलेली घार. तिने पंख खाली सोडले, थरथरवले, मान आत घेतली आणि तीन आठवड्यांच्या पिल्लासारखी घास मागायला लागली. ती चिरकी, न थांबणारी हाक. माझ्याकडे तोंड करून. मी गप्प झाले तरी ती थांबेना. तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं आता ओरडशील, आणि तू ओरडावंस असं मला फार वाटत होतं. तू हात धुतलेस. अंगावरचा एप्रन काढून खिळ्याला अडकवलास. वर निघून गेलीस. सोमवारभर तू माझ्याशी पक्ष्यांच्या वजनांच्या आकड्यांशिवाय काही बोलली नाहीस. आणि मंगळवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी सही.

तर आता ऐक, कारण तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही, आणि हीच आपल्या घरातली रीत झाली आहे. छापखान्यात माझं काम मोठ्याने वाचायचं होतं, हे तुला माहीत आहे. मी मूळ प्रत वाचायची आणि समोरचा तपासनीस छापलेल्या कागदावर बोट फिरवायचा. सगळं वाचायचं, स्वल्पविराम, पूर्णविराम, कंस सुरू, कंस पूर्ण, आवाजात चढउतार न करता. तुझ्या बाबांची नजर गेल्यावर मी त्यांना रोज सकाळी पेपर तसाच वाचून दाखवायची. ते म्हणायचे, अगं निदान विरामचिन्हं तरी गाळ. मी गाळली नाहीत. ते गेल्यावर पेपर येत राहिला आणि मी तो मनात वाचायचा प्रयत्न केला, पण मला मनात वाचता येत नाही, टिटवे. अक्षरं नुसती पडून राहतात. मेमधल्या एका सकाळी मी पडद्यामागे बसले होते, हातात तो कोंबडीतोंडी हातमोजा, मांडीवर पेपर. पहिल्या दिवशी फक्त मथळे वाचले. मग अग्रलेख. पूर्णविराम आला की एक घास. तिलाही ते कळलं. मी ‘पूर्णविराम’ म्हटलं की पडद्यापलीकडून चोच पुढे. मला वाटलं, चेहरा तर दिसत नाही. मी स्वतःला असं समजावलं, मी, मुलांसमोर ओठांवर बोट ठेवणारी. मे, जून, जुलै, ऑगस्ट. तू वर आंघोळीला गेलेली असायचीस. पाण्याचा आवाज बंद झाला की मी थांबायची.

बातम्या संपल्या की मी तिला तुझ्याबद्दल सांगायची. काही मोठं नाही. की ती आज न जेवता गेली. की तिच्या केसांत एक पांढरा दिसला. की ती माझ्याशी बोलत नाही असं नाही, बोलते, पण ग्रॅममध्ये बोलते. घुबड चारशे साठ, कावळा दोनशे नव्वद, आई निघते. घारीला ह्यातलं काही कळत नव्हतं, ती पूर्णविरामाची वाट बघत होती. पण ऐकताना ती मान वाकडी करायची. तेवढ्यासाठी मी तिचं वाटोळं केलं. अजून दुसरा शब्द मला सापडलेला नाही.

आता ती कोपऱ्यातल्या झाकलेल्या पिंजऱ्यात आहे. सहा दिवसांत मी त्या खोलीत तोंड उघडलेलं नाही. डॉक्टरांशी बोलायचं असलं तर त्यांना बाहीला धरून अंगणात नेते. त्यांना वाटतं म्हातारीचं डोकं फिरलं. त्यांनीच सांगितलं की समितीचा विचार तिला प्राणिसंग्रहालयात काचेमागे ठेवायचा आहे. दिवसभर माणसं तिच्यासमोर उभी राहणार, मुलांना पाट्या वाचून दाखवणार, मोठ्याने, सावकाश. आणि ती प्रत्येकाकडे घास मागणार. असा पक्षी आपल्याकडेच शांततेत ठेवण्याची मागणी फक्त पूर्ण परवाना असलेला माणूस करू शकतो. म्हणजे तू. तुझं नाव निघालं की तिचा तोही रस्ता बंद, आणि बाकीचे एकोणतीस माझ्या थरथरत्या बोटांत, नाहीतर त्या ‘छान चाललंय’वाल्याच्या हातात.

मी गप्प बसले नाही, हे तुला कळावं म्हणून हे लिहिते आहे, आणि त्याचा काही उपयोग झाला नाही म्हणूनही. शुक्रवारी, एकोणीस तारखेला, मी समितीच्या कार्यालयात माझा जबाब घेऊन गेले होते. दोन पानं, सगळं खरं, तारखांसकट. अधिकाऱ्यांनी पहिलं पान अर्धं वाचलं, चष्मा काढला आणि अगदी मायेने म्हणाले, “आजी, सगळ्या आया असंच करतात. एका चुकीचे दोन कबुलीजबाब आम्हाला घेता येत नाहीत.” मी म्हणाले, साहेब, माझा आवाज ऐकवा तिला, लगेच कळेल. ते हसले. चहा मागवला. आयुष्यात पहिल्यांदा खरं कबूल करायला गेले तर मी प्रेमळ ठरले. तुझा कागद तू स्वतःच्या हाताने मागे घेतल्याशिवाय माझा कागद फाईलला लागत नाही, असं त्यांनी मला दारापर्यंत सोडताना सांगितलं. तू हे माझ्या सकाळसाठी केलंस. तुला वाटलं, आईकडून खोली काढून घेतली तर ती काय करेल. काय करेन ते मलाही माहीत नाही. पण मी एकाहत्तर वर्षांची आहे आणि तू अडतीसची, आणि पाकोळीला कसं भरवायचं ते तुझ्या बोटांना कळतं. तू ऐकलं नाहीस तर मी काय करणार? काही नाही. तुला धमकी द्यायलाही माझ्याकडे काही उरलेलं नाही. तरीही सांगते. ‘सोळा तारखेचा जबाब मी मागे घेत आहे’ एवढं एक वाक्य, तुझ्या अक्षरात, खाली सही आणि तारीख, गुरुवार पंचवीस सप्टेंबर, दुपारी चारच्या आत माझ्या हातात पाहिजे. त्यांची खिडकी साडेचारला बंद होते आणि मला तिथवर चालत जायला वीस मिनिटं लागतात. फोन करू नकोस, निरोप पाठवू नकोस. मला लेखी उत्तर हवं आहे.

तुझीच, आणि हे मी कोणत्याही कागदावर लिहून द्यायला तयार आहे,
आई